गोळीच्या नावावर गेलेलं रक्त

सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी कलावतीला आत तपासलं, हात धुतले आणि मला समोर बसवलं. "बाबा, तुमच्या मंडळींच्या गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर आहे. सर्व्हायकल कॅन्सर म्हणतात याला. तुकडा तपासायला पाठवते, पण मला दिसलं ते तुमच्यापासून लपवत नाही." मग कलावतीला विचारलं, "दोन पाळ्यांच्या मधे रक्त कधीपासून जातंय?"

कलावती भिंतीकडं बघत होती. "लई दिस झालं," ती म्हणाली. "पर ते गोळ्यांनी जातंय."

कसल्या गोळ्या, ते सांगतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, लिहिणं ओबडधोबड. पण ज्या घरात बाई आहे त्या घरात हे वाचलं जावं म्हणून लिहितोय. लाजायचं माझं वय राहिलं न्हाय.

आमचं गाव सास्तूरच्या बाजूला. भूकंपानंतर दोन खोल्यांची घरं मिळाली. एका खोलीत देव, एकीत माणसं. बाई बाहेरची झाली की बसायला जागा न्हाय, म्हणून मागं म्हशीशेजारी पत्र्याचं शेड केलं. पाळीचे दिवस तिथं काढायचे, असं आईच्या वेळेपासून चालत आलेलं. शेडात कोण बसलंय ते आख्ख्या गल्लीला दिसायचं.

कलावतीची पाळी सरळ होती. पंचेचाळिशी ओलांडली आणि मधेच डाग पडायला लागला. पाळी होऊन जरा दिवस गेले की पुन्हा रक्त, पुन्हा शेड. वैनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, शेजारीच राहते. ती भिंतीवरून ओरडायची, "काय गं कले, म्हशीसंगंच संसार थाटलास व्हय? भावजींना म्हणावं, चूल बी तिकडंच मांडा!" बाया हसायच्या. कलावती बी हसायची.

मग तिनं मधल्या वेळी शेडात जाणं सोडलं. म्हणजे रक्त जातंय हे सांगणंच सोडलं. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आमच्याकडं लई बाया घेतात. घटस्थापना आली, लग्न आलं, की मेडिकलातनं गोळी. कलावती मधेच डाग दिसला तरी तीच गोळी घ्यायची. कधी थांबायचं, कधी न्हाय. थांबलं तर गोळीनं थांबलं, गेलं तर गोळीनं गेलं. वैनी म्हणायची, "पाळी जायच्या वयात असंच असतंय."

गोळीनं कॅन्सर झाला न्हाय. डॉक्टरीणबाईंनी ते मला ठासून सांगितलं. गोळीच्या आड तो दिसला न्हाय, एवढंच. त्या म्हणाल्या, "मधेच रक्त जायची कारणं पुष्कळ आहेत. गोळ्या, तांबी, आतला जंतुसंसर्ग, थायरॉईड, पिशवीतली गाठ. बहुतेक वेळा कॅन्सर निघत नाही. पण तपासल्याशिवाय कोण सांगणार?" आणि विचारलं, "नवरा-बायको जवळ आल्यावर रक्त दिसायचं का?"

दिसायचं. आम्ही ते बी वयावर घातलं होतं.

बायॉप्सी झाली, म्हणजे आतला तुकडा काढून तपासला. एमआरआय झाला. आजार पिशवीच्या बाहेर पसरला होता, ऑपरेशनची वेळ गेली होती. रेडिएशन सुरू केलं. त्यात मशीनखाली झोपवतात आणि किरणांनी गाठ जाळतात. जोडीला केमो, म्हणजे सलाईनमधनं औषध. मी बाहेर बाकावर बसायचो. शेजारच्या बायांना विचारायचो, तुमचं कसं कळलं? एकीनं पदर तोंडाला लावून सांगितलं, "कळलं व्हतं वो. सांगायचं कुणाला?"

घरी आल्यावर काही महिने बरे गेले. ती म्हशीला वैरण टाकायची. मग पाय सुजले, लघवी कमी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजार परत आलाय. किडनीच्या नळ्या दाबल्या गेल्यात. घरी न्या बाबा. दुखू नये म्हणून औषध देते." त्यांनी खोटी आशा दाखवली न्हाय, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

शेवटी रक्ताला वास यायला लागला. कलावती म्हणाली, "आवो, माझी बाज शेडात टाका. घरात देव हायती."

दारात वैनी उभी होती. "खरं हाय भावजी. नवरात्र तोंडावर आलंय."

मी बाज उचलली आणि देवाच्या खोलीत, देव्हाऱ्यासमोर टाकली. "वैनी, जिनं जन्मभर दिवा लावला तिच्या वासानं देव पळत असंल तर पळू द्या."

वैनी निघून गेली. थोड्या वेळानं परत आली ती गरम पाण्याचं पातेलं घेऊन. तिनं आणि माझ्या सुनेनं, अनितानं, कलावतीचं अंग पुसलं.

"देवाम्होरं सांडतंय माझं," कलावती म्हणाली.

"सांडू दे," मी म्हणालो.

त्याच खोलीत ती गेली. त्या वर्षी घरात घट बसला न्हाय.

वर्षश्राद्धानंतर एक दिवस अनिता दाराआड उभी राहिली. पोरगं पुण्याला कंपनीत, घरात आम्ही दोघंच. "मामा," ती म्हणाली, "मला मधीच जातंय."

सासऱ्याशी असं बोललेली सून आमच्या गल्लीत दुसरी नसंल. मीच तिला उमरग्याला नेलं. तिथं डॉक्टरांनी तिला तपासलं. आत पॉलिप निघाला, म्हणजे कोंबासारखं वाढलेलं मांस. तो काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आणायला मीच गेलो. साधाच निघाला. पिशवीच्या तोंडाची पॅप तपासणी बी केली, बारक्या ब्रशानं पुसून घेतात. ती बी चांगली आली. कलावतीची असली तपासणी जन्मात कधी झाली नव्हती.

यंदा घटस्थापनेआधी अनितानं विचारलं, "मामा, घटाच्या दिशी माझी तारीख हाय. गोळी आणू का?"

भिंतीपलीकडं वैनी धुणं वाळत घालत होती. तिचा हात थांबला.

"गोळी नगं," मी म्हणालो. "यायचं ते यिऊ दे. घट तूच मांड. तुझ्या सासूची बाज होती तिथं."

मग वैनी म्हणाली, "अनिता, घटाला माती कुठली घेतीस गं? आमच्या शेतातली काळी घे. चांगली हाय."