वीरेशचा कान

उचगावच्या फाउंड्रीत वीरेशचं काम कानाचं होतं. ओतून आलेल्या प्रत्येक लोखंडी भागावर, म्हणजे जॉबवर, तो छोटी हातोडी मारी. खणखणीत वाजला तर पास. आत चीर असली तर बद्द वाजे. "मशीन चुकंल, वीरेश न्हाय," असं त्याचा सुपरवायझर ज्ञानू सगळ्यांना सांगे.

एकोणतिसाव्या वर्षी त्याच्या अंडकोशात गाठ आली. लाजेपायी त्याने ती चार महिने कुणाला दाखवली नाही. ऑपरेशन झालं तोवर आजार पोटात आणि फुप्फुसात पोचला होता. डॉक्टरांनी तीन औषधांची केमो सांगितली, तीन-तीन आठवड्यांच्या चार फेऱ्या. "पसरला असला तरी हा कॅन्सर बहुतेकदा बरा होतो," ते म्हणाले. वीरेशच्या आईने, शिवांजलीने, तेवढंच वाक्य धरून ठेवलं.

तिसऱ्या फेरीनंतर एकदा ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर," असं त्याला बजावून. परत आली तर डाळ करपलेली आणि वीरेश कुकरशेजारीच बसलेला.

"शिट्टी ऐकली नाहीस?"

"दुसऱ्या फेरीपासनं कानातच शिट्टी वाजतीया, अव्वा. कुकरची कुठली, कळत न्हाय."

"आणि डॉक्टरांना बोलला नाहीस?"

"बोललो की औषध कमी करतील. मग?"

दुसऱ्या दिवशी तिनेच डॉक्टरांना सांगितलं. वीरेश तिच्याकडे बघेना. कानाच्या तपासणीत कळलं, उंच, बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते आणि ते परत येण्याची खात्री नव्हती.

"तिन्हीतल्या एका औषधाने होतं हे," डॉक्टर म्हणाले. "पण रक्तातले कॅन्सरचे मार्कर चांगले उतरलेत. चौथी फेरी पूर्ण द्यावी असं माझं मत. कान आणखी बिघडू शकतो. तू ठरव."

नोकरीचं काय, हे शिवांजलीच्या ओठांवर आलं होतं.

"द्या," वीरेश म्हणाला.

चार महिन्यांनी, स्कॅन स्वच्छ आल्यावर, तो कामावर गेला. ज्ञानूने समोर दोन जॉब ठेवले. वीरेशने दोन्ही ठोकले. पुन्हा ठोकले.

"दोन्ही चांगलं हाईत."

"डाव्या जॉबात चीर हाय रं," ज्ञानू म्हणाला. मग घसा खाकरून, "मापं घ्यायच्या टेबलावर माणूस पायजे हाय. डोळं तरी धड हाईत न्हवं?"

"हाईत की." वीरेशने हातोडी त्याच्या हातात दिली.

संध्याकाळी शिवांजलीने त्याला जेवायला हाक मारली, जरा जास्तच मोठ्याने.

"हळू की अव्वा," तो हात धुता धुता म्हणाला, "सगळी गल्ली येईल जेवायला."