भोयेबाई आणि तळ्यापलीकडची पोरगी

जेवायला बसण्याआधी भोयेबाई एकच प्रश्न विचारत, "सगल्या आत आल्या का?" खोडाळ्याजवळच्या आमच्या आश्रमशाळेच्या त्या अधीक्षिका. वसतिगृहातली शेवटची मुलगी फाटकाच्या आत येईपर्यंत त्यांच्यापुढे ताट येत नसे. कुणाची एसटी उशिरा आली तर बाई फाटकाशी उभ्या आणि टोपलीतली भाकरी गार. "तुमी खाऊन घ्या मॅडम, तुमचं पोट नाशिकचं," असं वर मला ऐकवत.

मी नाशिकहून येऊन तिथे मराठी शिकवत असे. एकदा दिवाळीच्या सुट्टीतून परतताना मुलींसाठी एक जाडजूड अद्भुत कादंबरी आणली. त्यातली रेवा नावाची मुलगी तळ्याच्या तळातून दुसऱ्याच जगात जाते. तिथे झाडं चालतात, सावल्या एकमेकींशी भांडतात. रोज संध्याकाळी व्हरांड्यात मी एक प्रकरण वाची. पुढचं मुद्दाम चाळत नसे, मलाही मजा हवी होती. भोयेबाई शेजारच्या कोठीत तांदूळ निवडत बसत. "झाडं चालतात म्हने. इथं पोरी वेलेवर उठत नाईत," एवढाच त्यांचा अभिप्राय.

एका शनिवारी रेवाने भुकेपोटी तिथल्या शेतातलं नवं कणीस तोडून खाल्लं. प्रकरण संपताना तिला परतीची वाट सापडेना. मी पुस्तक मिटलं. एरवी "अजून एक" म्हणून गळ्यात पडणाऱ्या मुली त्या दिवशी गुपचूप उठल्या. मला वाटलं, वा, आपलं वाचन रंगलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तरी सातवीतली जयू दिसेना. विहीर, ओढा, एसटीचा थांबा, सगळं पाहून झालं. घरीही ती गेली नव्हती. विहिरीत डोकावताना मी डोळेच मिटून घेतले होते. भोयेबाई मात्र पायरीवर बसून होत्या. मग एकदम म्हणाल्या, "काल त्या रेवानं नवं खाल्लं ना?"

"हो."

"देवाला दावलं होतं?"

"पुस्तकात तसं काही नाही."

"मंग तिला वाट कशी गावल?" बाईंनी पायात चपला सरकवल्या. "चला, वाघदेवाकडं."

नवं पीक देवाला दाखवल्याशिवाय या भागात कुणी तोंडात टाकत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण ते पुस्तकातल्या मुलीलाही लागू असेल, हे काही डोक्यात आलं नव्हतं. आणि बाई तांदूळ निवडता निवडता सगळी कादंबरी ऐकत होत्या, हेही नाही.

शिवेवरच्या वाघदेवाच्या दगडापाशी जयू बसली होती. पुढ्यात भाताच्या ताज्या लोंब्या, रेवाच्या वतीने दाखवलेल्या. मी मटकन खाली बसले आणि रडू लागले. माझा जीव इतका भांड्यात कधीच पडला नव्हता.

"दावून झालं तं परत का नाय आलीस?" बाईंनी विचारलं.

"ती इकडूनच येल ना, बाई. अंधार पडला तं तिला वाट कोन दावील?"

आता हिला मार बसणार म्हणून मी मध्ये पडायच्या बेतात होते. बाईंनी देवाला हात जोडले. "त्याला सांगितलंस ना? मंग तो आनील तिला. तू चल. मला भूक लागलीय."

वाटेत मात्र मला हळूच म्हणाल्या, "मॅडम, आज ती तल्यापल्याडची पोरगी आली पायजे." जणू ते माझ्याच हातात होतं. त्या संध्याकाळी मी पुढचं प्रकरण उघडलं. रेवा आली. तळ्यातून ओलीचिंब बाहेर आली आणि सगळ्या व्हरांड्याने सुस्कारा सोडला. मुली जयूच्या पाठीवर थापा मारत होत्या. लेखकाचं नाव कुणी विचारलंसुद्धा नाही.

बाई आता निवृत्त होऊन जामसरला लेकाकडे राहतात. डोळ्यांनी नीट दिसत नाही. गेल्या हिवाळ्यात त्या कादंबरीचा दुसरा भाग निघाला, तो घेऊन मी गेले आणि दुपारी ओटीवर बसून वाचत राहिले. या खेपेला रेवासोबत तिच्या मैत्रिणीही पलीकडे गेल्या होत्या. सून ताट घेऊन दोनदा येऊन गेली, बाईंनी हातानेच परत पाठवलं. शेवटचं पान संपलं तेव्हा त्यांनी मान वर केली.

"सगल्या आत आल्या का?"

"आल्या, बाई."

"मंग वाढ गं," त्यांनी सुनेला हाक मारली.