बांध आणि बुलेव्हार्ड

साठच्या दशकाच्या मध्यावर तारापूरकडे वीजकेंद्राचं काम चाललं होतं. मी नुकताच बी.ए. झालो होतो. आमच्या घराण्यात काय, आळीतही कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. याचा मला अभिमान होता, आजही आहे.

आमची भातशेती खाडीला लागून. उधाणाचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा उंच बांध होता. उन्हाळ्यात त्याच्या डागडुजीला घरटी निदान एक माणूस जायचा आणि ओळीत उभं राहून चिखलाची ढेकळं हातोहात वर द्यायची, अशी रीत. त्या वर्षी बाबांबरोबर मीही ओळीत होतो.

"बीए, पँट सांभाळ रं!" शेजारची काकी ओरडली. ओळ हसली. मी पँट गुडघ्यावर दुमडली.

तेवढ्यात वीजकेंद्राच्या कंत्राटदाराचा मुकादम आला. त्याला रेतीच्या गाड्या बांधावरून न्यायच्या होत्या. "बांधाचा माथा थोडा उतरवू, रुंद करू. फुकटात रस्ता होईल तुमचा. केंद्राच्या कॉलनीत साहेब लोक मोठा रस्ता करतायत, बुलेव्हार्ड म्हणतात. तसाच!"

फुकटात म्हटल्यावर दोघा-तिघांच्या माना होकारार्थी हलल्या. बाबांचा चेहरा उतरला. आमचं शेत बांधाला अगदी चिकटून. खारं पाणी शिरलं की पुढची काही वर्षं भाताचं नाव नको.

"बीए, त्या शब्दाचा अर्थ काय हाय?" कोणीतरी डिवचलं.

मला ठाऊक होता. इतिहासाच्या प्राध्यापकांनी सांगितला होता. मी म्हणालो, "मुळात तो शब्द तटबंदीचा. युरोपात शहरांभोवती तट असत. पुढे ते पाडले, त्या जागी झाडं लावून रुंद रस्ते केले. तटाचं नाव रस्त्याला राहिलं."

"तट पाडला, मंग वैरी आत नाय आला?" बाबांनी विचारलं.

"तटानं अडेल असा वैरी उरला नव्हता, बाबा. तोफा आल्या होत्या. म्हणून तर पाडला."

काकीनं ढेकूळ खाली ठेवलं. "आमचा वैरी तर दर पुनवेला खाडीतनं येतोय! त्याला कोन सांगनार, आमी रस्ता केलाय म्हनून?"

माना हलायच्या थांबल्या. नकार मिळाल्यावर मुकादमानं गाड्या गावाबाहेरच्या लांबच्या वाटेनं नेल्या.

बाबा मला कधी शाबास म्हणाले नाहीत. त्या दिवशीही नाही. पुढचं ढेकूळ माझ्या हातात देत एवढंच म्हणाले, "घे. वर दे."

श्रावणात उधाणाचं पाणी बांधाच्या माथ्याशी आलं, आणि तिथूनच परत गेलं.