बॅटरीवरच्या बैलाचा पोळा

आमच्या घरात गेल्या पोळ्याला बैलाचा मान एका इलेक्ट्रिक बाईकला मिळाला.

त्याला जबाबदार मीच. नेर ते केवढंसं गाव! पण कोपऱ्यावरून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आणायलाही मी कार काढायचो. मग उन्हाळ्यात एकदा जोशात येऊन ही बाईक घेतली, कारची किल्ली बायकोच्या हातावर ठेवली आणि जाहीर केलं, "वंदना, आता गावातल्या गावात कार काढली, तर मले बैल म्हणजो!"

"त्याच्यासाठी कार कायले पाह्यजे?" ती म्हणाली.

त्याच उन्हाळ्यात बाबांनी आपली बैलजोडी विकली. गुडघे कुरकुरायला लागले होते, शेत ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलं होतं. पण पोळा जवळ आला तसा माणूस जेवेना. जन्मात पहिल्यांदा तोरणाखाली न्यायला जोडी नव्हती! मला फार वाईट वाटत होतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र अंगणातून गुणगुणणं ऐकू आलं. बाहेर येऊन पाहतो तर काय, बाबा पळसाच्या पानानं माझ्या बाईकच्या हँडलला कोमट तूप-हळद चोळत होते! (ही खांदशेकणी. वर्षभर जू ओढणाऱ्या बैलाच्या खांद्यांसाठी असते.)

"बाबा, काय करून राह्यले?"

"तुले रोज ओढते ना हे? मंग खांदा दुखन नाही का याचा?" आणि हेडलाइटपाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

दुसऱ्या दिवशी बाईकला बेगड लागली, गोंडे लागले, सीटवर झूल पडली, गळ्यात घुंगरांची माळ आली. (गळा कुठला, ते बाबांनीच ठरवलं.) मी बसायला गेलो, तसे बाबा ओरडले, "उतर! पोळ्याच्या दिवशी बैल जुपतेत का बे?"

"मंग नेऊ कसा?"

"धरून!"

वंदनानं दारातून कारची किल्ली नाचवली. "देऊ का? मांगं बांधून न्या!"

मी मान ताठ ठेवली आणि ढकलायला लागलो. पोळ्याचं मैदान गावाच्या पार दुसऱ्या टोकाला! पुढे बाबा काठी घेऊन ऐटीत, मागे मी घामाघूम. शेजारच्या गुलाबकाकांनी तर चौकातच झडती (पोळ्यातलं टोमण्यांचं गाणं) म्हटली:

"बैल नाही, इंजन नाही, घुंगरू वाजते भारी,
बाप हाके, लेक ढकले, पाहून घ्या सवारी!
हर बोला, हर हर महादेव!"

मैदानाच्या चढावर माझा दम संपला. म्हटलं, गुपचूप किल्ली फिरवू, आवाज थोडाच होतो हिचा! पण तुपानं माखलेली मूठ हातात भलतीच फिरली. बाईक सुसाट, मी मागे लटकलेला! पाटलांची मानाची जोडी बिचकून बाजूला झाली आणि आम्ही तोरण तोडून थेट पलीकडे!

मानाच्या जोडीआधी तोरण तोडायचं म्हणजे गावाशी भांडण! आता बाबांची मान खाली जाणार, आणि तीही माझ्यामुळे.

"कोनाचा बैल होय हा?" पाटील गरजले.

बाबा छाती काढून पुढे आले. "माहा होय!"

पाटलांनी एकदा बाईककडे पाहिलं, एकदा चिखलात पडलेल्या माझ्याकडे, आणि खो खो हसत सुटले. मग अख्खं मैदान हसलं. तुटलेलं तोरण पुन्हा बांधून पाटलांच्या जोडीकडून रीतसर तोडवलं गेलं.

घरी वंदनानं बाईकला ओवाळलं, पुरणपोळीचा घास पुढे केला आणि अडली. बाईकला तोंड कुठे!

"ज्यानं ओढलं त्याले चार," बाबा म्हणाले आणि स्वतः कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

संध्याकाळी मी खांदे धरून कण्हत बसलो होतो. बाबा उरलेल्या तूप-हळदीची वाटी घेऊन आले.

"शर्ट काढ."

मी काढला. चोळता चोळता ते वंदनाला म्हणाले, "बाकीचे इकले. पन हा नाही इकाचा."

मी मान खाली घातली. दिलेला शब्द तंतोतंत पाळून, कार दारातून न काढता बैल झालेला अख्ख्या नेरमध्ये मी एकटाच असेन!