म्हात्रेनानांची शेवटची पेटी

मधमाश्या पाळणारी चार माणसं चहाला बसली की मधाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. नुसते एकमेकांचे प्रताप! आम्हा पनवेलकर चौघांचे एका फाल्गुनातलेच इतके साठलेत, की विचारू नका.

जांभूळ फुलेपर्यंत माश्यांना साखरेचा पाक द्यायचा, एवढंच काम. पण काळजी होती ती आमच्यातल्या म्हात्रेनानांची. आजूबाजूची झाडं टॉवरखाली गेली, त्यांच्या सहा मधपेट्यांतली एकच उरली, तीही अशक्त. ती मेली तर नाना खचणार, हे आम्हाला ठाऊक होतं.

*

खारघरच्या कुलकर्णींच्या माश्या पाकाला तोंडच लावेनात. मी चाखला, तर कडवट!

"काय घातलंत यात?"

"शुगर-फ्री! आमच्या घरात सगळ्यांना डायबेटिस. निदान यांना तरी नको!"

अहो, उपाशी मारताय त्यांना!

*

इम्तियाजभाईंनी भरदुपारी गच्चीवर उघड्या परातीत पाक ठेवला. "मेहमान हैं, दिल खोलके वाढायचं!"

अख्ख्या मोहल्ल्याच्या माश्या आल्या. खाली शेजाऱ्यांकडे हळद चालू होती, तिथेही घुसल्या. नवरदेव हळदीसकट पाण्याच्या टाकीत!

*

मीही काही शहाणी नाही. माश्यांना बसायला वाटीत काड्या न टाकताच पाक ठेवला आणि माश्या पटापट बुडाल्या. नानांनी एकेक चमच्याने काढून पेपरावर वाळवली. मग म्हणाले, "बाई, तुमी शिकवता ना शालंत?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

आणि मग नानांना हार्ट अटॅक! थेट आयसीयू. आठ दिवस आमची धावपळ. नवव्या दिवशी कुलकर्णींनी मला विचारलं, "नानांच्या पेटीला पाक तुम्हीच घालताय ना?"

मला वाटलं होतं ते घालताहेत, त्यांना वाटलं होतं इम्तियाजभाई!

तिघंही नानांच्या गावी धावलो. परसात पाहतो तर पाकाची वाटी भरलेली, माश्या टुणटुणीत. आणि शेजारी वहिनी, नानांची बायको! साडीवर नानांचा फुलशर्ट, डोक्याला माकडटोपी. माशी चावून तोंड सुजल्यापासून ज्या परसात पाऊल टाकत नव्हत्या, त्या वहिनी!

"शर्ट धुतलेला नाय हां," त्या म्हणाल्या. "त्यांचा वास हाय त्याला."

"वहिनी, भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण ते घरी येऊन मेलेली पेटी बघतील, त्याची जास्त वाटली."



नाना घरी आले ते तडक परसात. झाकण उचललं आणि पहिल्याच माशीने नाकावर डंख मारला.

"अगो, माजीच माशी मला चावली!"

वहिनींनी नखाने काटा काढला, नानांना बाजूला सारलं आणि पाकाचं भांडं उचललं. "जरा लांब उभे रावा. बिचकतात त्या, नवीन माणूस बघून."