गॅरेजमधला मिक्सर आणि माझी शेवटची इच्छा

निवृत्त झाल्यापासून माझ्या नवऱ्याला मरणाची भारी हौस आली आहे. मरायची नव्हे, त्याचं प्लॅनिंग करायची. जन्मभर इथे ॲरिझोनात, चँडलरच्या एका कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या कंपनीत मीटिंगा घेतल्या, आता घ्यायला कुणी सापडत नाही. त्यामुळे थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मुलगी घरी आली, तेव्हा दुपारची जेवणं उरकताच टीव्हीवर स्लाइड्स झळकल्या. पहिल्या स्लाइडवर सूर्यास्त, शेवटच्या स्लाइडवर ‘शंकासमाधान’.

“एक पॉइंट क्लिअर,” तो म्हणाला. “मी परत उठणार नाही असं डॉक्टर म्हणाले, की मशीन ऑफ. नो ड्रामा.”

“अँड आई?” मुलीनं विचारलं.

“मलाही तसंच हवं.”

हे मी थट्टेत म्हणाले नाही. माझी आई नागपूरला हॉस्पिटलात कित्येक आठवडे नळ्यांच्या जंजाळात पडून होती, आणि आम्हा भावंडांपैकी कुणाचीही ‘आता पुरे’ म्हणायची हिंमत झाली नाही. मला तसं जायचं नाही. माझी इच्छा म्हणाल तर एवढीच.

“मग आईसाठी डिसाइड कोण करणार?”

“मी! ऑफ कोर्स मी!”

मला हसूच फुटलं. आमची गाडी ॲरिझोनाच्या उन्हात भाजत उभी असते, कारण गॅरेजच्या सावलीत बंद पडलेले प्रिंटर, मॉनिटर आणि व्हीसीआर विश्रांती घेत असतात. लग्नात मिळालेला, भारतातून आणलेला मिक्सर तर इथल्या विजेवर चालावा म्हणून घेतलेल्या ट्रान्सफॉर्मरसकट तिथे आहे. तो फिरत नाही, नुसता गुरगुरतो आणि जळका वास सोडतो.

“आधी तो मिक्सर टाकून दाखव,” मी म्हणाले. “मग माझं बघू.”

तो ताडकन उठून गॅरेजमध्ये गेला. बराच वेळ झाला तरी पत्ता नाही. शेवटी आम्ही मायलेकी बघायला गेलो, तर स्वारी मिक्सर पालथा घालून स्क्रूड्रायव्हर चालवत होती.

“अगं, मोटर ठीक आहे. थोडी धुगधुगी आहे अजून.”

मुलीनं कपाळाला हात लावला. “बाबा! आईचंपण असंच करशील तू. सेकंड ओपिनियन, थर्ड ओपिनियन...”

“माझ्यासाठी तू ठरव,” मी तिला म्हणाले. तिनं होकारार्थी मान हलवली.

आता हा चिडणार, सुधारित स्लाइड्स काढणार, अशी माझी खात्री होती. पण त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“बरोबर आहे आईचं,” तो मुलीला म्हणाला. “माझ्याच्यानं नाही होणार. तूच कर. फक्त त्या वेळी मला आधी बाहेर पाठव. कॉफी घेऊन ये म्हण. मी जरा सावकाश आणीन.”

मिक्सर टाकायचा विषय मी त्यानंतर काढलेला नाही.