आबांचा मृत्युलेख, आबा हयात असताना

पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला सरांनी एक विचित्र गृहपाठ दिला. एखाद्या जिवंत माणसाचा मृत्युलेख लिहा! सर बरीच वर्षं वर्तमानपत्रात घासून आलेले. ते म्हणाले, मोठा माणूस गेला की ऐनवेळी धावपळ नको, म्हणून असे लेख आधीच तयार ठेवतात. अटी दोनच. त्या माणसाच्या घरच्या नसलेल्या कुणाशी तरी बोलायचं, आणि ‘मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीचे’ हे शब्द दिसले तर लेख परत. वर्गात हशा पिकला. नगर जिल्ह्यात मनमिळाऊ नसलेला माणूस आजवर मेलेलाच नाही, हे पेपर वाचून आम्हाला ठाऊक होतं.

माझी पंचाईत वेगळीच. याच शब्दांवर आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, सोनईच्या पंचक्रोशीत प्रसिद्ध! आमच्याकडे माणूस गेला की दहाव्याला नदीकाठी माइक लागतो आणि श्रद्धांजलीची भाषणं होतात. पुढाऱ्यांची आटोपली की शेवटचं भाषण आबांचं. गेलेला माणूस जन्मभर सख्ख्या भावाशी कोर्टात भांडला असला, तरी आबांच्या माइकवर तो मनमिळाऊच. खुद्द आबा मात्र तसे अजिबात नाहीत. जावई, कंडक्टर, दूधवाला, टीव्हीवर बातम्या देणारा, सगळ्यांशी त्यांचं वाजतं. माझा त्यांच्यावर फार जीव आहे, पण खोटं कशाला सांगू?

शनिवारी एसटीने घरी गेले आणि चहाच्या वेळी बेत सांगितला. आईने कपाळाला हात लावला. “जित्या मानसाचं असलं कुनी लिहितं का? वंगाळ बोलू नये घरात.”

आबा मात्र खूश. टोपी सारखी करून, फोटोला बसावं तसे बसले आणि आपण गावासाठी काय काय केलं ते सांगू लागले. मी हसत हसत सरांच्या अटी सांगितल्या. बशीतला चहा तसाच राहिला.

“मंग माझ्या दहाव्याला कोन काय बोलनार गं?” ते म्हणाले. “मी समद्यांना एकाच मापाचा सदरा शिवला. मलाबी त्योच घालतील. मनमिळाऊ म्हनतील, आन् मागं बसलेले तोंडावर रुमाल धरून हसतील.”

ही थट्टा नव्हती. आबांच्या आवाजात भीती मी पहिल्यांदाच ऐकली, आणि मला फार वाईट वाटलं. मार्कांचं जाऊ दे, आबांसाठी तरी हा लेख खरा उतरायला हवा होता.

घराबाहेरचा माणूस म्हणून मी मुद्दाम बांधाशेजारच्या म्हाताऱ्यांकडे गेले. पाटाच्या पाण्यावरून त्यांचं आणि आबांचं माझ्या जन्माआधीपासून वाकडं. भांडायचं असेल तरच दोघं एकमेकांशी बोलायचे. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून मी विचारलं, “बाबा, आमच्या आबांबद्दल काय सांगाल?”

“काय सांगायचं? लई भांडकुदळ मानूस.”

झालं, म्हटलं मनात. फोन उचलणार तोच ते पुढे बोलले. “थांब की. माझ्या थोरल्याला साप चावला हुता. पावसानं रस्ता वाहून गेलेला. तवा तुझ्या आबानं त्याला ट्रॅक्टरवर घातलं आन् नगरला नेलं. पोरगं सुदीवर येईस्तवर उशाशी बसून हुता. घरी आनून सोडलं, आन् दुसऱ्या दिशी सकाळी बांधावर येऊन मला पुन्हा शिव्या!” म्हातारे इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, “शिव्या दिल्या ते बरं केलं त्यानं. न्हाईतर जल्मभर त्याच्याम्होरं मान खाली घालून ऱ्हावं लागलं असतं मला.”

आबांनी हे आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. आनंदाने मी अक्षरशः उड्या मारत घरी आले.

रविवारी अंगणात बसून लेख वाचून दाखवला. पहिलंच वाक्य होतं, ‘ते भांडकुदळ होते, आणि ज्यांच्याशी ते भांडले त्यांनाच त्यांची उणीव सर्वांत जास्त भासेल.’ आईने डोळे वटारले. आबा खाली मान घालून ऐकत होते. सापाचा प्रसंग आला तशी त्यांनी मान वर केली.

“हे त्यानं सांगितलं? आपल्या तोंडानं?”

“हो, आबा. मी सापाचं विचारलंसुद्धा नव्हतं.”

आबांनी उपरण्याने डोळे पुसले. मग एकदम तडकले. “ट्रॅक्टर न्हवता, जीप हुती! येड्याला एक गोष्ट धड आठवत न्हाई.”

मी खुदकन हसले आणि ट्रॅक्टर खोडून जीप लिहिलं.

“दहाव्याला हेच वाचायचं,” आबा म्हणाले. “आन् तूच वाचायचं.”

“काहीतरीच तुमचं, आबा,” आई म्हणाली. “बाया कुठं बोलत्यात दहाव्याला?”

“मरनार मी, दहावा माझा. माझी नात बोलंल.” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “बसून काय वाचती? हुबी ऱ्हा. लांबपत्तुर गेला पायजे आवाज.”

मी उठले. हसू आवरत नव्हतं. पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली, आणि आबा डोळे मिटून, मांडीवर ताल धरत, तब्येतीत स्वतःची श्रद्धांजली ऐकत बसले.